वाद्यवृंदाचा अधिपति : आर्तुरो तोस्कानीनी

जो स्वतः एकहि सूर काढीत नाहीं, आणि ज्याच्यावांचून शंभर वादकांचा एक सूर होत नाहीं, अशा एका पुरुषाचें चरित्र येथें सांगावयाचें आहे. सणाच्या दिवशीं देवळांत गायकवृंदापुढें उभा राहून हातानें ठेका दाखविणारा गायनमास्तर वाचकांनीं पाहिलाच आहे. त्याचा हात वर गेला कीं सर्वांचे श्वास भरतात, खालीं आला कीं सूर निघतो, आणि एखाद्या पोराचें लक्ष भलतीकडे असलें तर मास्तरांची नजर त्याला बरोबर गांठते. हेंच काम ऐंशी-शंभर वाद्यांच्या मेळाव्यासमोर करणाऱ्यास वाद्यवृंद-संचालक म्हणतात. ऑपेरा म्हणजे आरंभापासून शेवटपर्यंत गाऊन करावयाचें नाटक. त्यांत तर रंगभूमीवरील नटनटी व समूहगायक हेहि त्याच्याच छडीकडे डोळे लावून असतात. प्रत्येक वादकापुढें केवळ त्याच्या वाद्यापुरती स्वरलिपि असते. सर्वांची मिळून झालेली समग्र स्वरलिपि एकट्या संचालकापुढें असते, आणि गति किती, आवाज केवढा, कोणतें वाद्य पुढें यावें व कोणतें मागें राहावें, याचा निर्णय त्यानेंच द्यावयाचा. ह्या धंद्यांत गेल्या शतकांत ज्याचें नांव सर्वांत मोठें झालें तो आर्तुरो तोस्कानीनी.

देवदूतानें धन्य कुमारी मरियेस निरोप सांगितल्याचा सण ख्रिस्तसभा २५ मार्च रोजीं पाळते. सन १८६७ मधील त्याच दिवशीं इटलींतील पार्मा शहरीं, नदीपलीकडील गरीब वस्तींत, आर्तुरोचा जन्म झाला. बाप क्लाउदियो धंद्यानें शिंपी. परंतु कात्रीपेक्षां राजकारणांत त्याचें मन अधिक रमे. गॅरिबाल्डीच्या स्वयंसेवकांत तो लढला होता, आणि त्या पराक्रमाच्या गोष्टी सांगण्यांत कामाचे दिवस निघून जात. घरीं पैसा टिकत नसे. आई पाओला कडक स्वभावाची, मानी बाई होती. शाळेंतील एका शिक्षिकेच्या ध्यानांत आलें कीं हा मुलगा कविता एकदोनदां वाचतो आणि ती त्यास पाठ होते. तिनेंच आईबापांस त्याला संगीतशाळेंत घालण्याचा सल्ला दिला. नवव्या वर्षीं तो पार्मा येथील संगीत-विद्यालयांत दाखल झाला. तेथें मुलांनीं विद्यालयांतच राहावयाचें, गणवेष घालावयाचा, आणि वाद्य कोणतें शिकावयाचें हें वडील मंडळींनीं ठरवावयाचें. आर्तुरोच्या वांट्यास चेलो आला. जेवणांतील आपल्या वांट्याचें मांस दुसऱ्या मुलांस विकून त्या पैशांतून तो स्वरलिपींचीं पुस्तकें घेत असे, असें सांगतात. तें खरें असावें. कारण पुढें जन्मभर त्यानें भुकेची पर्वा अशीच केली.

सन १८८५ मध्यें सर्वोच्च गुणांनीं तो परीक्षा उतरला, आणि पुढील वर्षीं दक्षिण अमेरिकेस निघालेल्या एका ऑपेरा कंपनीबरोबर चेलोवादक व समूहगानाचा दुय्यम शिक्षक म्हणून जहाजावर चढला. ह्या सफरींत जें घडलें तें एखाद्या कादंबरीकारानें लिहिलें असतें तर वाचकांनीं त्यावर विश्वास ठेवला नसता.

कंपनीचा संचालक मिगेझ हा ब्राझीलचाच गृहस्थ. त्याचें व इटालियन कलावंतांचें पटेना. रिओ दि जानेरो येथें त्यानें राजीनामा दिला, आणि सर्व दोष त्या परदेशी मंडळींवर ढकलणारें पत्र वर्तमानपत्रांत छापून आणिलें. ता. ३० जून १८८६ च्या रात्रीं वेर्दीचा 'आईदा' हा ऑपेरा लावलेला होता. प्रेक्षागृह भरलेलें. दुय्यम संचालक जागेवर येतांच लोकांनीं आपल्या देशबंधूचा कैवार घेऊन असा गोंधळ मांडला कीं त्या बिचाऱ्यास एक सूरहि न काढतां माघारें फिरावें लागलें. मग समूहगानाचे मुख्य शिक्षक गेले; त्यांचीहि तीच गत. आंत पडद्यामागें रडारड सुरू झाली. परका मुलूख, मध्यें एवढा समुद्र, खेळ बंद पडला तर कंपनीचें दिवाळें, आणि परतीच्या भाड्याचीहि पंचाईत! इतक्यांत कोणीतरी म्हणालें कीं तो चेलोवाला पोरगा सर्व ऑपेरे तोंडपाठ जाणतो. तोस्कानीनी तेव्हां एकोणीस वर्षांचा होता. ऑपेराचें संचालन त्यानें जन्मांत केलेलें नव्हतें. लोकांनीं त्यास ढकलून पुढें केलें. त्यानें छडी उचलली, समोरचें स्वरलिपीचें पुस्तक मिटून टाकलें, आणि हात खालीं आणिला. हें नवें पोर कोण, ह्या कुतूहलानेंच बहुधा, प्रेक्षक क्षणभर गप्प झाले. आणि एकदां गप्प झालेले लोक पुढें ऐकतच राहिले. खेळ संपला तेव्हां त्याच लोकांनीं टाळ्यांनीं घर दणाणून सोडलें. सफरींतील उरलेलें सर्व संचालन त्याच्याकडेच आलें.

पुस्तक मिटण्यांत दिमाख नव्हता. त्याची दृष्टि फार अधू होती. उभें राहून पुस्तकांतील अक्षरें त्यास नीट दिसत नसत. जें डोळ्यांनीं साधेना तें त्यानें स्मरणशक्तीनें साधलें. पुढें अनेक संगीतिका व शेंकडों वाद्यरचना त्यास शेवटल्या चिन्हापर्यंत पाठ होत्या. एकदां प्रयोगापूर्वीं एका वादकानें येऊन सांगितलें कीं आपल्या वाद्याची एक पट्टी मोडली असून अमुक एक सूर निघत नाहीं. तोस्कानीनींनीं क्षणभर डोळे मिटले, आणि आज रात्रीच्या कार्यक्रमांत तो सूर तुमच्या वाद्याला कोठेंच नाहीं असें सांगून त्यास परत पाठविलें, अशी आख्यायिका आहे.

एवढें यश पदरीं पडल्यावर दुसरा कोणी वर तोंड करून चालला असता. स्वदेशीं परतल्यावर तुरीन येथें त्यानें एका ऑपेराचें संचालन केलें, आणि मग पुन्हां चेलो घेऊन रांगेंत बसला. कारण असें कीं मिलान येथील स्काला नाट्यगृहांत वृद्ध वेर्दी आपला नवा ऑपेरा 'ओतेल्लो' स्वतः बसवून घेत होते, आणि तें काम जवळून पाहण्याची संधि त्यास सोडवेना. ता. ५ फेब्रुवारी १८८७ च्या पहिल्या प्रयोगांत तो दुसऱ्या चेलोंपैकीं एक होता. त्या प्रयोगानंतर पार्म्यास घरीं जाऊन त्यानें झोंपलेल्या आईस उठविलें व वेर्दीच्या थोरवीपुढें गुडघे टेकावयास लावलें, असें सांगतात. मध्यरात्रीं उठविलेल्या त्या माउलीस काय वाटलें असेल तें कोणी लिहून ठेवलेलें नाहीं.

पुढील दहा वर्षें गांवोगांव हिंडण्यांत गेलीं. लेओन्काव्हाल्लोचा 'पाल्याच्ची' १८९२ मध्यें मिलानला, व पुच्चीनीचा 'ला बोहेम' ता. १ फेब्रुवारी १८९६ रोजीं तुरीनला, प्रथम रंगभूमीवर आला तो त्यांच्याच छडीखालीं. सन १८९७ मध्यें कार्ला दे मार्तिनी हिच्याशीं त्यांचा विवाह झाला.

ह्याच काळांतील एक प्रसंग आपल्यासारख्या वाचकांस विशेष गोड वाटावा. वेर्दींनीं म्हातारपणीं कांहीं पवित्र गीतें रचिलीं होतीं. त्यांत 'ते देउम' हें उपकारस्तुतीचें स्तोत्रहि होतें. हें स्तोत्र ख्रिस्तसभेंत मोठ्या आनंदाच्या प्रसंगीं व वर्षाच्या अखेरीस म्हणतात. सन १८९८ मध्यें तुरीन येथील प्रदर्शनाच्या निमित्तानें त्यांपैकीं तीन गीतें इटलींत प्रथमच गावयाचीं ठरलीं, आणि तीं बसविण्याचें काम तोस्कानीनींकडे आलें. 'ते देउम'मधील एका जागीं गति किंचित् मंद करावी असें त्यांस मनापासून वाटे. परंतु स्वरलिपींत तशी खूण नव्हती. ते जेनोवा येथें वेर्दींकडे गेले. चौऱ्याऐंशी वर्षांचे वेर्दी शेजारीं बसले आणि तोस्कानीनींनीं पियानोवर तो भाग वाजवून दाखविला. त्या जागीं येतांच भीत भीत त्यांनीं गति मंद केली. म्हाताऱ्यानें पाठीवर थाप मारली. मग खूण कां घातली नाहीं असें विचारतां त्यांनीं समजाविलें कीं खूण लिहिली असती तर वाईट संचालकांनीं ती वाजवीहून जास्त ताणली असती. ज्यास समज आहे त्यास ती न लिहितांहि कळते. लिहिलें असेल तसेंच वाजवावें, हा तोस्कानीनींचा कटाक्ष जगभर प्रसिद्ध आहे. परंतु लिहिल्याबरहुकूम चालणें म्हणजे अक्षरापुढें आंधळें होणें नव्हे, हा धडा त्यांस त्या दिवशीं त्या घरांत मिळाला असावा.

सन १८९८ च्या अखेरीस, वयाच्या एकतिसाव्या वर्षीं, ते स्काला नाट्यगृहाचे मुख्य संचालक झाले. त्या काळीं श्रीमंत लोक तेथें गप्पा मारावयास, दागिने दाखवावयास, फार तर एखाद्या आवडत्या गायकाची तान ऐकावयास येत. तोस्कानीनींनीं प्रेक्षागृहांतील दिवे मालविले, स्त्रियांनीं टोप्या काढून बसावें असा नियम केला, आणि वन्स मोअर देणें बंद केलें. वन्स मोअरची हौस काय असते तें आपल्याकडील संगीत नाटकें ज्यांनीं पाहिलीं आहेत त्यांस निराळें सांगावयास नको. लोकांस हा बेत मुळींच रुचला नाहीं. सन १९०३ च्या हंगामाच्या शेवटल्या रात्रीं एका गायकाच्या पदास वन्स मोअर मिळावा म्हणून प्रेक्षक हट्टास पेटले, ओरडा थांबेना. तोस्कानीनी मध्येंच नाट्यगृह सोडून गेले, आणि तीन वर्षें परतले नाहींत.

दरम्यान जानेवारी १९०१ मध्यें वेर्दी निवर्तले. महिन्याभरानें त्यांची व त्यांच्या पत्नीची शवपेटी, वृद्ध गायकवादकांसाठीं त्यांनींच बांधविलेल्या आश्रमांत नेण्यांत आली. त्या वेळीं मिलानच्या स्मशानभूमींत सुमारें आठशें गायकांनीं 'नाबुक्को'मधील बंदिवान यहुद्यांचें समूहगीत गाइलें. बाबिलोनच्या नद्यांकाठीं बसून सियोनासाठीं रडणाऱ्यांचें स्तोत्र आपण जाणतों. त्यावरूनच तें गीत सुचलेलें आहे. संचालन तोस्कानीनींचें होतें. ही स्मशानभूमि व हें गीत वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

सन १९०६ मध्यें दक्षिण अमेरिकेंत असतांना त्यांचा लहान मुलगा ज्योर्जो घटसर्पानें दगावला. दोन वर्षांनीं ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरांत गेले व सात हंगाम तेथें राहिले. तेथेंच १९१० मध्यें, कारूसो हा विख्यात गायक नायकाच्या भूमिकेंत असतां, त्यांनीं पुच्चीनीचा एक नवा ऑपेरा प्रथम सादर केला. पहिल्या महायुद्धांत ते मायदेशीं परतले, लष्करी बँड उभारून आघाडीवर गेले, आणि १९१७ मध्यें मोन्ते सांतो येथील लढाईच्या वेळीं तोफांच्या माऱ्यांत बँड वाजवीत ठेवल्याबद्दल त्यांस शौर्याचें रौप्यपदक मिळालें.

आतां ज्या प्रकरणामुळें संगीत न समजणाऱ्या लोकांनींहि हें नांव ऐकलें, तें प्रकरण. सन १९१९ मध्यें मुसोलिनीच्या नव्या पक्षाच्या यादींत उमेदवार म्हणून तोस्कानीनींचें नांव होतें, हें लपविण्याचें कारण नाहीं. त्या यादींतील सर्वच पडले, आणि लौकरच तोस्कानीनींचे डोळे उघडले. सन १९२२ मध्यें मुसोलिनीच्या हातीं सत्ता आली. त्याच डिसेंबरांत स्कालांत प्रयोग चालू असतां काळ्या सदऱ्यांच्या टोळीनें 'ज्योविनेत्सा' हें पक्षगीत वाजविण्याची मागणी केली. तोस्कानीनींनीं छडी मोडली व ते आंत निघून गेले. नाट्यगृहांत मुसोलिनीचें चित्र टांगण्यासहि त्यांनीं मान्यता दिली नाहीं. पुच्चीनी १९२४ मध्यें 'तूरांदोत' हा ऑपेरा अपुरा ठेवून वारले. तो ता. २५ एप्रिल १९२६ रोजीं रंगभूमीवर आला, तेव्हां मुसोलिनी आले नाहींत. कारण ते आल्यास पक्षगीत वाजविणें भाग होतें, आणि तोस्कानीनी तें वाजवावयास तयार नव्हते. त्या रात्रीं, जेथें पुच्चीनीची लेखणी थांबली तेथेंच तोस्कानीनींनीं छडी खालीं ठेविली, प्रेक्षकांकडे वळून कर्त्याच्या मृत्यूमुळें काम येथें संपतें असें हलक्या आवाजांत सांगितलें, आणि पडदा पडला. दुसऱ्यानें पुरा केलेला शेवट पुढील प्रयोगापासून होऊं लागला.

सन १९२९ मध्यें त्यांनीं स्काला सोडलें व न्यूयॉर्कच्या फिलहार्मोनिक वाद्यवृंदाकडे मुख्य लक्ष दिलें. परंतु १४ मे १९३१ रोजीं बोलोन्या येथें मार्तुच्ची ह्या संगीतकाराच्या स्मरणार्थ त्यांचा जलसा ठरला होता. मंत्री येणार, म्हणून आरंभीं राजगीत व पक्षगीत वाजवावें असा आग्रह झाला. स्मरणाच्या जलशांत हीं गीतें शोभत नाहींत असें सांगून त्यांनीं नकार दिला. संध्याकाळीं नाट्यगृहाच्या दारांत ते मोटारींतून उतरले, तेव्हां गुंडांनीं त्यांस घेरून, गीत वाजविणार कीं नाहीं असें विचारलें; आणि पुन्हां नकार येतांच त्या चौसष्ट वर्षांच्या पुरुषाच्या तोंडावर चापट्या मारिल्या. मग टोळी हॉटेलाखालीं जमून शिव्याशाप देऊं लागली. पहांटेपूर्वीं शहर सोडण्याचा निरोप आला व रातोरात ते मिलानला परतले. त्यांचा पासपोर्ट काढून घेण्यांत आला, घरावर पहारा बसला. परदेशांतून निषेधाचा वर्षाव झाल्यावर पासपोर्ट परत मिळाला. परंतु ही राजवट असेपर्यंत इटलींत छडी उचलावयाची नाहीं असा त्यांनीं निश्चय केला, आणि तो पंधरा वर्षें पाळला. एक गाणें वाजविण्यास तीन मिनिटें पुरतीं. इटलींतील बहुतेक संचालकांनीं तीं दिलीं व सुखानें नोकऱ्या केल्या. त्यांस दोष देणें घरीं बसून सोपें आहे. तरी ह्या एका माणसानें तीं तीन मिनिटें दिलीं नाहींत, ही गोष्ट राहतेच.

जर्मनींत बायरॉइथ येथें वाग्नेरच्या नाट्यगृहांत संचालन करण्याचा मान १९३० मध्यें त्यांस मिळाला होता. तेथें जर्मन परंपरेबाहेरचा कोणीहि तत्पूर्वीं उभा राहिला नव्हता. तें स्थान त्यांस तीर्थासारखें प्रिय होतें. सन १९३३ मध्यें हिटलरनें सत्ता घेऊन यहुदी वादकांस हांकलण्यास आरंभ करतांच तोस्कानीनींनीं इतर संगीतज्ञांबरोबर निषेधाच्या तारेवर सही केली. हिटलरनें स्वतः पत्र पाठवून त्यांस येण्याचा आग्रह केला. मे महिन्याच्या अखेरीस त्यांनीं बायरॉइथला कायमचा नकार कळविला. सन १९३८ मध्यें ऑस्ट्रिया हिटलरपुढें वांकूं लागतांच साल्झबुर्गचा वार्षिक उत्सवहि त्यांनीं सोडला.

अशा रीतीनें एकेक दार बंद होत असतां एक नवें उघडलें. जर्मनी, पोलंड इत्यादि देशांतून निघालेल्या यहुदी वादकांना एकत्र करून हूबेरमान ह्या प्रख्यात व्हायोलिनवादकानें पवित्र भूमींत एक वाद्यवृंद उभा केला. त्याचा पहिला जलसा ता. २६ डिसेंबर १९३६ रोजीं तेल अवीव येथें तोस्कानीनींनीं केला. त्यांनीं मानधन तर घेतलें नाहींच, प्रवासाचा खर्चहि स्वतः सोसला. जातां जातां सांगावयाचें म्हणजे, त्याच १९३६ सालीं मुंबईंत जन्मलेले झुबिन मेहता पुढें ह्याच वाद्यवृंदाचे संचालक झाले व २०१९ पर्यंत त्या पदावर होते; न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचें संचालकपदहि त्यांनीं १९७८ पासून तेरा वर्षें भूषविलें. अशा रीतीनें तोस्कानीनींच्या दोन गाद्यांवर एक मुंबईकर बसला.

सत्तराव्या वर्षीं मनुष्य पेन्शनींत निघतो. ह्यांच्यासाठीं अमेरिकेंतील नॅशनल ब्रॉडकास्टिंग कंपनीनें नवा वाद्यवृंद निर्माण केला. ता. २५ डिसेंबर १९३७, नाताळच्या रात्रीं, त्यांचा पहिला जलसा रेडिओवरून गेला. सतरा वर्षें हें काम चाललें. ज्यांनीं जन्मांत नाट्यगृह पाहिलें नव्हतें अशा घरांत बीथोव्हेन व ब्राम्स पोंचले तो ह्याच मार्गानें.

आतां दुसरी बाजू. तालमींत हा पुरुष भयंकर होता. सूर चुकला कीं छड्या मोडत, स्वरलिपीचीं पानें उडत, खिशांतलीं घड्याळें जमिनीवर आपटत. वडील वादकांसहि नाहीं नाहीं तें ऐकावें लागे. सन १९१९ मध्यें तुरीन येथें रागाच्या भरांत त्यांनीं एका वादकाच्या हातांतील गज मोडला, व त्याचा तुकडा उडून त्याच्या डोळ्याजवळ लागला. प्रकरण न्यायालयांत गेलें; तोस्कानीनी सुटले. प्रतिभेच्या आवेशांत मनुष्यास भान राहत नाहीं असा बचाव झाला म्हणतात. परंतु ज्याचा डोळा जातां जातां राहिला त्यास तो कितपत पटला असेल? त्यांचीं खाजगी पत्रें पुढें प्रसिद्ध झालीं, तेव्हां पतिधर्मांतहि ते चुकले होते हें उघड झालें. ते नेमानें देवळांत जाणारे नव्हते. गॅरिबाल्डीच्या अनुयायाच्या घरीं तें वळण पडलें नसावें. आणि तरीहि बीथोव्हेनची महामिस्सा, वेर्दीची मृतांची मिस्सा हीं गीतें त्यांनीं जितक्या कांपऱ्या मनानें बसविलीं तितकीं फार थोड्यांनीं बसविलीं असतील. १९४० सालीं, युरोप जळत असतां, न्यूयॉर्कला त्यांनीं महिन्याभराच्या अंतरानें दोन्ही सादर केलीं.

ता. २५ जुलै १९४३ रोजीं मुसोलिनी पदच्युत झाला. पुढील महिन्यांत दोस्तांच्या बॉम्बहल्ल्यांत स्कालाचें छप्पर कोसळलें. युद्ध संपल्यावर, अन्नाची टंचाई असतांनाहि, मिलानकरांनीं तें पुन्हां उभारलें. तोस्कानीनींनीं त्यासाठीं द्रव्य दिलें. परतण्यापूर्वीं, वंशभेदाच्या कायद्यांखालीं हांकलून दिलेल्या यहुदी मंडळींस, विशेषतः समूहगानाचे शिक्षक वेनेत्सियानी यांस, परत कामावर घ्यावें असा त्यांचा आग्रह होता. तो मान्य झाला. ता. ११ मे १९४६ च्या रात्रीं एकोणऐंशी वर्षांचे तोस्कानीनी त्या जागीं उभे राहिले. आंत जागा नव्हती, म्हणून चौकांत ध्वनिवर्धक लावले होते व रस्त्यांवर हजारों लोक उभे होते. कार्यक्रमांत रोस्सीनीच्या 'मोझे'मधील प्रार्थना होती, 'नाबुक्को'मधील बंदिवानांचें गीत होतें, आणि अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीं पियानोवर वेर्दींस वाजवून दाखविलेलें तें 'ते देउम'हि होतें.

सन १९४९ मध्यें इटलीच्या राष्ट्राध्यक्षांनीं त्यांस तहहयात सेनेटर नेमलें. तो मान त्यांनीं नम्रपणें परत केला. सन १९५१ मध्यें पत्नी कार्ला निवर्तली. ता. ४ एप्रिल १९५४ रोजीं न्यूयॉर्क येथें वाग्नेरच्या संगीताचा जलसा चालू असतां, ज्या स्मरणशक्तीनें अडुसष्ट वर्षें दगा दिला नव्हता ती क्षणभर थांबली. हात संथ झाला. वादक एकमेकांच्या आधारानें सांवरले. जलसा पुरा झाला, आणि छडी हातांतून गळूं देऊन ते टाळ्यांकडे न पाहतां निघून गेले. पुन्हां त्यांनीं लोकांपुढें संचालन केलें नाहीं.

ता. १६ जानेवारी १९५७ रोजीं, नव्वदीस दोन महिने उणे असतां, न्यूयॉर्क येथील राहत्या घरीं त्यांचा अंत झाला. तेथील सेंट पॅट्रिक कॅथीड्रलांत मिस्सा झाल्यावर देह विमानानें इटलीस नेण्यांत आला. फेब्रुवारींत स्कालाच्या रिकाम्या प्रेक्षागृहांत, दारें उघडीं ठेवून, बीथोव्हेनच्या तिसऱ्या सिंफनींतील शोकयात्रेचें संगीत वाजविण्यांत आलें. बाहेर चौकांत लोक उभे राहून ऐकत होते. मिलानच्या कॅथीड्रलांत आर्चबिशप मोंतीनी, जे पुढें पोप सहावे पौल झाले, यांनीं आशीर्वाद दिला. तेथून मिरवणूक त्याच स्मशानभूमींत गेली, जेथें छप्पन्न वर्षांपूर्वीं तोस्कानीनींनीं वेर्दींना निरोप दिला होता. गायकांनीं तेंच बंदिवानांचें गीत गाइलें, आणि ज्योर्जोसाठीं बांधविलेल्या थडग्यांत त्याच्याजवळ बापाला ठेवण्यांत आलें.